हापशावरचं पिवळं फडकं

१

हापसा जागेवर होता, दांडा नव्हता.

कोळसांगवीच्या बायांनी सकाळी घागरींची ओळ लावली आणि पहिलीनं सवयीनं हात टाकला तो हवेत गेला. लोखंडी खांब तसाच उभा. खालचा कट्टा तसाच, शेजारची गुरांची दगडी डोण तशीच कोरडी. फक्त ज्याला लटकून पाणी उपसायचं तो लांबलचक दांडा कुणीतरी काढून नेला होता. तोडला नव्हता. नट फिरवून, सवडीनं, काम येणाऱ्या माणसासारखा काढला होता.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कोळसांगवी त्याच्या पार काठावर; चार शेतं ओलांडली की नांदेड जिल्हा. नव्या जिल्ह्यानं गावाला पहिली भेट दिली ती हा हापसा, आणि दुसरी भेट म्हणजे हापशापलीकडच्या भीमनगरातल्या लिंबाजीला नोकरी. आसपासच्या गावांचे हापसे दुरुस्त करायची, तूर्त कच्ची, सहा महिन्यांत पक्की होणारी. भीमनगरात सरकारी नोकरीचं पहिलंच नाव होतं ते. पाऊस मात्र वाट चुकून जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा. तिथंही तो कुणाला दिसला नव्हता.

बातमी धुरपताबाईच्या ओसरीवर पोचली तेव्हा ती गोणपाटात गुंडाळलेल्या ऑइल इंजिनाला पाठ टेकून सुपारी कातरत होती. विहीर आटल्यापासून शेतातलं इंजिन घरी आणून ठेवलं होतं, आणि एवढं महागाचं टेकायला गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, याचा तिला अभिमान होता. धुरपताबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली. मास्तराला उलट बोलली म्हणून मास्तरानं घरी पाठवली. ती म्हणायची, मीच मास्तराला सोडून दिला. गावचा सरपंच तिचा लेक शेषेराव. पण लोक अर्ज शेषेरावाकडे द्यायचे आणि उत्तर तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचे.

"पान्यानं काढला म्हंता?" धुरपताबाई म्हणाली. "मग पाना गावात लिंबाजीबिगर कुनाकडं हाय?"

एवढंच. एक प्रश्न विचारला आणि अडकित्ता दाबला. बाया रिकाम्या घागरी घेऊन आपापल्या वाटेनं गेल्या.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बिनदुधाचा चहा पीत एक पाहुणी बसली होती. नागम्मा तिचं नाव, देगलूरची, नांदेडच्या एका कॉलेजात शिकवणारी. लातूरच्या पाणीपुरवठा खात्यासाठी गावाची पाहणी करायला ती आदल्या दुपारीच आली होती. बसमध्ये तिची पेटी फुटली, तर त्याच गाडीतून उतरलेल्या लिंबाजीनं ती बांधून, डोक्यावर घेऊन, या ओसरीपर्यंत आणून ठेवली होती.

"चांगला माणूस वाटला मला तो, अम्मा," नागम्मा म्हणाली.

"माझ्या उंबऱ्यात तर समदेच चांगले वागत्यात, बाई. न वागून सांगतील कुनाला?"

शेषेराव पायरीवर बसून वहाणेचा अंगठा ओढत होता. त्याच्याजवळ त्याचं कुत्रं, वजीर. शेषेराव जिकडे तिकडे वजीर; बाकी कुणी भाकरी दाखवली तरी ते कान हलवायचं नाही. आईचा प्रश्न ऐकून शेषेराव उठला आणि चालायला लागला. वजीरही मागोमाग गेलं.

सूर्य डोक्यावर यायच्या आत धुरपताबाईच्या प्रश्नाचं उत्तर गावभर झालं होतं.

२

दुपारी लातूरहून जीप आली. पाणीपुरवठा खात्याचे अमृतराव साहेब उतरले, दांड्याविना हापसा बघितला, रुमालानं मान पुसली.

"बाई, तुम्ही घरोघर जाणारच आहात," ते नागम्माला म्हणाले, "तर हेही विचारून घ्या. गाव जे म्हणेल ते अहवालात लिहा. सोमवारी माझ्या टेबलावर आलं पाहिजे. माणूस आपलाच निघाला तर त्याची नोकरी संपली, आणि पुन्हा या वस्तीतला माणूस घ्या म्हणून मला कुणी सांगू नका."

नागम्मानं काम शिस्तीत सुरू केलं. गावातल्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या केल्या, डब्यात हलवल्या आणि तीस उचलल्या. म्हणजे कुणी म्हणायला नको की पाहुणीनं ओळखीचीच घरं धरली. धुरपताबाईला ही पद्धत फार आवडली. तिनं पदर खोचला.

"चल. पाहुनीला एकलीला गावात सोडत न्हाईत आमच्यात. घर दावाया मी येते."

आणि ती आली. तीसच्या तीस घरी आली. प्रत्येक घरी तिला घोंगडी अंथरली गेली, प्रत्येक घरी ती उंबऱ्यापाशी बसली, आणि नागम्मानं विचारलं की घरातली बाई आधी धुरपताबाईकडे बघायची आणि मग बोलायची.

"बघितला की लिंबाजीला. दिवेलागनीला, हापशावर."

"डोक्याला पिवळं फडकं हुतं त्याच्या."

"पाना डाव्या हातात. हाव, डाव्याच. हे असं फिरवून राहिला हुता."

लिंबाजीच्या डोक्याला बारा महिने पिवळं फडकं असे, आणि तो डावरा होता हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भीमनगरातल्या माणसाचं नाव घ्यायला गावाला एरवीही फार पुरावा लागत नसे. इथं तर तीस घरांचे डोळे होते. घर बदललं तरी बोलणं बदलेना. शेवटच्या घरातून निघताना धुरपताबाईची स्वतःचीसुद्धा खात्री पटली होती. सकाळी तिनं नुसतं विचारलं होतं. आता तीस जणांनी बघितलं होतं.

"झालं की गं तुझं काम," ती ओसरीवर टेकत म्हणाली. "तीसातली तीस. एकबी फुटली न्हाई. लिही आता."

नागम्मानं पेन उघडलं, पण लिहिलं नाही. "अम्मा, तीस बायकांना भाजीत मीठ किती विचारलं तरी तीस उत्तरं येतात. इथं एकही वेगळं कसं नाही?"

"खरं असतंय ते येकच असतंय, म्हनून."

तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. लिंबाजी उभा होता. डोळे तांबडे, अंगावर वाकळ, तोंड उतरलेलं. मागे त्याची बायको पार्वतीबाई, कपाळाला आठ्या घालून.

धुरपताबाई ताठ झाली. "आलास? दांडा आनलास का?"

"दांडा माझ्याकडं असता तर आनला असता, माय," तो म्हणाला. "कालच्या सांजपासून ताप हाय. डोकं ठनकून राहिलं. या बाईंच्या पेटीला बांधलेलं माझं फडकं तेवढं द्या. आवळून बांधीन म्हन्तो."

नागम्मा उठली आणि बाजेखालची पेटी ओढली. पेटीभोवती, दोन गाठी मारून, पिवळं फडकं होतं.

३

फडकं घेऊन लिंबाजी गेला. नागम्मा त्या दोघांच्या मागं फाटकापर्यंत जाऊन परत आली.

"काल दुपारपासून ते इथं आहे," नागम्मा म्हणाली. "तुमच्या घरात, माझ्या बाजेखाली. दिवसभर मी 'पिवळं फडकं' लिहून घेतलं आणि माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही. मग दिवेलागणीला त्याच्या डोक्यावर ते कुणी बघितलं, अम्मा?"

"दुसरं असंल त्याच्याकडं."

"असेल. म्हणून तर त्याच्या बायकोला आत्ता फाटकाशी थांबवून विचारलं. ती म्हणाली, दुसरं असतं तर या तापात हिच्या दारात मागायला आलो असतो का?"

धुरपताबाईनं अडकित्ता खाली ठेवला. तिला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते सापडेना. तिनं घराच्या मागं हाक मारली. "साखरे! इकडं ये."

सून साखराबाई पदराला हात पुसत आली. तिसाव्या चिठ्ठीवर याच घराचं नाव होतं, आणि तिनंही पिवळं फडकं सांगितलं होतं.

"तू लिंबाजीला बघितलंस?"

"हाव."

"तुझ्या डोळ्यांनी?"

साखराबाईनं सासूकडं बघितलं, मग पाहुणीकडं, मग जमिनीकडं. "पारूबाईच्या शेजारनीनं बघितलं म्हनं."

"तिनं कुठून बघितलं? तिच्या दारातून हापसा दिसतो का? मधी कडब्याची गंज हाय!"

"तिला विहिरीवर कुनीतरी सांगितलं."

"आन् त्या कुनीतरीला?"

साखराबाईचा आवाज अगदी बारीक झाला. "आत्याबाई, तुमीच म्हनलात की सकाळी. ओसरीवर. लिंबाजीबिगर पाना कुनाकडं हाय म्हनून. तुमी म्हनलात म्हंजी बघूनच म्हनला असाल, असं समद्या म्हनल्या."

ती आत पळाली. धुरपताबाई इंजिनाला टेकली, पण आज ते पाठीला टोचत होतं.

"मी इचारलं हुतं," ती म्हणाली. "बघितलं न्हवतं."

नागम्मानं पेन मिटलं. मग म्हणाली, "आमच्या विषयात याला एक नाव आहे. साक्ष स्वतंत्र पाहिजे म्हणतात. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराला टेकलेलं नको. मी चिठ्ठ्या टाकून घरं उचलली, त्याची एवढी मिजास केली, आणि मग प्रत्येक घरी तुम्हाला बरोबर घेऊन गेले. चूक माझी आहे. तीस उत्तरं मोजली, पण—"

"पन घागरी तीस आन् विहीर येकच," धुरपताबाई मध्येच म्हणाली. "आन् विहीर मी."

"हो अम्मा."

"विहीर खारट असली तर तीसबी घागरी खारट."

"आणि तीस जणींनी चाखून खारट म्हटलं, तरी पाणी एकाच विहिरीचं."

धुरपताबाई उठली. आजवर गाव आपल्या शब्दाबाहेर नाही याचं तिला कौतुक होतं. आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं की आपण गावाला काहीही विचारलं तरी आपलाच आवाज परत येणार. आणि त्या आवाजानं एका माणसाची भाकरी जाऊन राहिली होती.

"मग माझा शबुद जिथं पोचत न्हाई असं घर पायजे तुला," ती म्हणाली.

"आहे असं?"

धुरपताबाईनं शेजारच्या भिंतीकडे बघितलं. तोंड असं झालं, जशी सुपारी कडू निघाली.

"येकच हाय."

४

भिंतीपलीकडे गुणाबाई राहायची. धुरपताबाईची धाकटी जाऊ. दोघींचा अबोला इतका जुना होता की कारण दोघींनाही धड आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं म्हणून मिटवताही येत नव्हतं. लग्नकार्यात दोघी एका पंगतीला बसायच्या, पण मीठ मागायचं तर तिसऱ्या बाईकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागम्मा एकटीच गेली. धुरपताबाई चुलीमागच्या कोनाड्याला कान लावून बसली. त्या जागेवरची माती इतक्या वर्षांत गुळगुळीत झाली होती.

"लिंबाजीनं दांडा नेला म्हणतात," नागम्मानं सुरुवात केली.

"कोन म्हन्तंय? ती का?" गुणाबाईचा आवाज भिंतीतून स्पष्ट आला. "मग लिहून घे, लिंबाजी न्हाईच. ती सूर्य उगवला म्हनली तरी मी आधी बाहीर जाऊन बघते."

कोनाड्यापाशी धुरपताबाईच्या तोंडावर अगदी नकळत हसू आलं. चला, लिंबाजीच्या बाजूनं एक तरी निघाली. पण पलीकडे नागम्मा म्हणाली, "नाही काकू, हे मला चालत नाही."

"कामून?"

"धुरपताबाई हो म्हणाल्या म्हणून गाव हो म्हणतं, आणि त्या हो म्हणाल्या म्हणून तुम्ही नाही म्हणता. दोन्ही उत्तरं त्यांच्याच तोंडाला बांधलेली. गावाची दोरी सरळ, तुमची उलटी. सुटं कुणीच नाही."

गुणाबाईला हे लागलं. "मी तिच्या तोंडाला बांधलेली? मी?"

"मग चोरीचं सोडा. कुणाचं नावच नको. परवा सांजेला तुम्ही कुठं होता आणि काय बघितलं, तेवढंच सांगा."

गुणाबाई आठवत असावी, बांगड्या वाजल्या. "शेळी हापशाकडं गेली हुती, तिला आनाया गेले. दिवेलागनीला हापशावर कुनी येत न्हाई. दिवसभर उपसून पानी खाली गेलेलं असतंय, दांडा नुसता खडखडतो. बाई न्हाई, मानूस न्हाई. त्या घरचं कुत्रं तेवढं कट्ट्यावर बसलेलं. मेलं, शेळीवर गुरगुरलं. मी दगूड घेतला तरी हाललं न्हाई, डोनीकडं तोंड करून बसून राहिलं. मी शेळी ओढत घरी आनली. बस."

कोनाड्यापाशी धुरपताबाईच्या तोंडावरचं हसू गेलं.

नागम्मा परत आली तेव्हा ती चुलीत फुंकर मारत होती. चुलीत विस्तव नव्हता.

"ऐकलंत?"

"भिंत पातळ हाय," धुरपताबाई म्हणाली. "खोटं बोलती ती. माझ्या घरावर घालाया."

"असेल. पण तिला कुत्र्याचं महत्त्व माहीत असतं तर तिनं ते आधी सांगितलं असतं, शेळीच्या रागापोटी शेवटी नव्हे. तरी एकीवर मी विसंबत नाही. दुसरी पाहिजे. हिच्याशीही न बोललेली आणि तुमच्याशीही. परवा सांजेला गावात होती, पण दांडा गेल्याचं कळायच्या आत गावाबाहेर गेली, अशी कुणी?"

धुरपताबाईला नाव सुचलं होतं. सांगितलं नसतं तरी पाहुणीला कळलं नसतं. सोमवारी अहवाल गेला असता, लिंबाजी गेला असता, आणि घरातलं घरात राहिलं असतं.

डोळ्यांसमोर वाकळ पांघरून उभा असलेला लिंबाजी आला. फडकं मागायला आलेला. स्वतःची सुटका तिच्या घरातल्या बाजेखाली पडली आहे हे ज्याला माहीतही नव्हतं.

"पारूबाई," ती म्हणाली. "लेकीकडं लोह्याला गेली. पहाटंच्या गाडीनं."

५

"मी येनार," धुरपताबाई म्हणाली.

"याल, पण बोलणार नाही. खोकणारसुद्धा नाही."

"तोंडाला कुलूप घालू का?"

"घातलं तर बरं."

अहमदपूर मागं टाकून गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी रान उघडं पडलेलं. खडी फोडणाऱ्या बाया गाडीची धूळ गेली की पदर झटकायच्या आणि पुन्हा हातोडी उचलायच्या. धुरपताबाई खिडकीशी बसून ओठ मिटायचा सराव करत होती. कंडक्टरनं सुट्टे मागितले तेव्हा ती नुसती बोटं दाखवून बोलली, आणि त्याला वाटलं बाई मुकी आहे; त्यानं जागा दिली, वर पाणीही विचारलं. तिनं आयुष्यात एवढा अपमान गिळला नव्हता.

पारूबाईच्या लेकीचं घर बाजाराच्या मागं होतं. धुरपताबाई बाहेर, दाराच्या आडोशाला पाठ करून बसली. नागम्मा आत गेली. पाण्याची पाहणी चालली आहे म्हणाली, घरात घागरी किती, पाणी कुठून, असं विचारत विचारत परवाच्या सांजेवर आली. दांड्याचं नाव नाही, लिंबाजीचं नाव नाही.

"परवा?" पारूबाई म्हणाली. "परवा तर लई फजिती झाली, बाई. पहाटं निघायचं म्हनून म्हनलं येक घागर भरून ठेवावी, म्हातारा येकला घरी. हापशावर गेले तर वजीर! सरपंचाचं कुत्रं. मला रोज बघतंय, पन दात काढलं मेल्यानं, जवळ जाऊ देईना. डोनीच्या पलीकडं कायतरी लोखंडावर लोखंड वाजून राहिलं हुतं. म्हनलं असंल कुनीतरी बैल पाजत. घागर तशीच घेऊन आले. कामून इचारता? वजीर चावलं का कुनाला?"

दाराआड धुरपताबाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

एकीनं भिंतीपलीकडून सांगितलं होतं, एकीनं तीन गावं ओलांडून. पहिलीला वाटलं शेळीची गोष्ट, दुसरीला वाटलं घागरीची. चोरी दोघींच्याही मनात नव्हती. आणि ज्या तीस जणींनी सगळं बघितलं होतं, त्यांच्यातल्या एकीलाही कुत्रं दिसलं नव्हतं.

नागम्मा बाहेर आली. "अम्मा, वजीर कुणाबरोबर—"

धुरपताबाईनं हात वर केला. बोलायचं नाही असं ठरलं होतं ना. गाडी येईपर्यंत, आणि गाडीत बसून घरापर्यंत, ती एक अक्षर बोलली नाही.

६

ओसरीवर शेषेराव जेवत होता. पायरीवर वजीर.

धुरपताबाई सरळ इंजिनापाशी गेली. इतके दिवस पाठ टेकली होती, वाकून कधी बघितलं नव्हतं. सुतळी सोडली, गोणपाट ओढलं. इंजिनाच्या कुशीत हापशाचा दांडा झोपवलेला होता. शेजारी इंजिनाबरोबर आलेली सामानाची पेटी. तिनं झाकण उचललं. आत लहानमोठे पाने, एकावर ताजं ग्रीस.

"पाना गावात लिंबाजीबिगर कुनाकडं हाय," ती हळू म्हणाली. "येडीनं पान्याच्या पेटीला पाठ लावून इचारलं हे."

शेषेरावाचा घास हातात राहिला.

"माय, ऐकून घे."

"कान न्हाईत का मला? बोल."

"टँकर मागाया लातूरला चारदा गेलो," तो म्हणाला. "दर बारीला येकच उत्तर. तुमच्या गावात हापसा चालू हाय, चालू हापशाच्या गावाला टँकर न्हाई. कसला चालू? येक घागर भरंस्तोवर बाईचा जीव जातो. पन कागदावर चालू. म्हनलं हापसा बंद दिसला तर टँकर येईल. आठ-पंधरा दिवस. मग गुपचूप लावून टाकीन. कुनाचं नाव घ्यायचं माझ्या मनात न्हवतं."

"मी घेतलं."

"तू घेतलंस. मला वाटलं दुपारपर्यंत इरून जाईल. तर दुपारपर्यंत समद्या गावानं बघितलं! येवढ्या लोकांपुढं मी काय सांगू, की तुमी बघितलं ते झालंच न्हाई? मग मला कसं ठाऊक, हे सांगावं लागलं असतं."

"आन् लिंबाजीची नोकरी गेली असती, तर?"

शेषेरावानं ताट बाजूला सारलं.

नागम्मा दारात उभी होती. "सरपंच, हापसा किती पाणी देतो ते कुणी मोजलं का?"

"मोजायचं काय त्यात? दिसतंय की."

"तुम्हाला दिसतंय. लातूरला 'चालू' एवढंच दिसतंय. तेच तर माझं काम होतं, आणि मी तीस घरं चोर विचारत हिंडले."

धुरपताबाईनं दांडा उचलला. जड होता, एक टोक तिच्या खांद्यावर, दुसरं शेषेरावाच्या. मायलेकरं अशी गावातून निघाली तेव्हा दारंखिडक्या आपोआप उघडत गेल्या. हापशाशी पोचेपर्यंत मागं सगळं गाव होतं, आणि समोरून भीमनगरातली माणसं येत होती. लिंबाजी पुढे, डोक्याला पिवळं फडकं.

"ऐका," धुरपताबाई म्हणाली. मोठ्यानं बोलायची तिला कधी गरज पडत नसे. आज ती मोठ्यानं बोलली. "दांडा माझ्या घरात हुता. माझ्या लेकानं नेला. लिंबाजीनं न्हाई. मी त्याचं नाव काढलं ते डोळ्यानं बघून न्हाई, तोंडाच्या सवयीनं. आन् तुमी समद्यांनी बघितलं ते माझं तोंड बघितलं, हापसा न्हाई."

साखराबाईनं पदर तोंडाला लावला.

"लिंबाजी, तुला काय म्हनायचं ते म्हन. समद्यांपुढं म्हन."

लिंबाजीनं दांड्याचं टोक तिच्या खांद्यावरून काढून घेतलं. "माय, तुमी मोठ्या. येवढंच सांगतो. फुडच्या टायमाला गावाला इचारायच्या आधी मला इचारा."

"कबूल," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकला.

"आन् सरपंच," पार्वतीबाई मागून म्हणाली, "नुसतं इथं कबूल करून भागायचं न्हाई. साहेबाला सांगा. तुमच्या तोंडानं."

शेषेरावानं मान हलवली.

लिंबाजीनं डाव्या हातानं पाना फिरवला. दांडा बसला. नागम्मानं घागर लावली आणि म्हणाली, आता कुणी काही सांगू नका; नुसतं उपसा. बाया पाळीपाळीनं उपसत राहिल्या, घागर भरेना. सकाळी, दुपारी, सांजेला, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी तिनं तेच मोजलं. यावेळी घरोघरही ती एकटीच गेली. धुरपताबाई ओसरीवर हाताची घडी घालून बसून राहायची आणि कुणी काही विचारायला आलं तर म्हणायची, "मला कामून इचारता? तुमाला डोळे न्हाईत?"

यावेळी तीस घरांतून तीस तऱ्हेची उत्तरं आली. कुणाला टँकर पाहिजे होता, कुणाला दुसरा बोअर, एका म्हातारीला गोदावरीच गावातून न्यायची होती. फक्त पाणी पुरत नाही, एवढं सगळ्यांचं एक निघालं. आणि यावेळी ते एक निघालं याला किंमत होती.

शेषेराव लातूरला जाऊन उभ्याउभ्या बोलणी खाऊन आला. अमृतराव साहेब स्वतः आले, कोट काढून हापसा उपसला, आणि अर्धी घागर भरायच्या आत कट्ट्यावर बसले. त्यांनी आणखी कुणाची साक्ष काढली नाही. पुढच्या आठवड्यात टँकर आला, आणि लिंबाजीच्या पक्क्या हुकमावर सही झाली.

टँकरच्या ओळीत धुरपताबाईच्या मागं गुणाबाईची घागर लागली. दोघींच्या मध्ये मीठ मागायला तिसरी बाई नव्हती. धुरपताबाईनं समोर बघतच घसा साफ केला.

"गुने, तुझी घागर मोठी हाय. तू फुडं हो."

गुणाबाईनं घागर उचलली आणि पुढे झाली.

नागम्मा पेटी घेऊन गाडीकडे निघाली होती. पेटीला आता नवं कुलूप होतं. ती थांबून हसली. "झालं! गावात एक भिंत होती, तिच्यापलीकडं तुमचा शब्द जात नव्हता. तीही पाडलीत. आता पुढच्या वेळी मी विचारू कुणाला?"

गुणाबाईनं नळी घागरीत सोडली आणि वळून दोघींकडे बघितलं.

"मलाच इचार," ती म्हणाली. "बोलले म्हनून तिचं पटलं, असं कुनी सांगितलं तुला?"

धुरपताबाईनं तोंड उघडलं. मग, बऱ्याच विचारानं, मिटलं.